आपोआप मोडलेलं हाड

आमच्या फुलचूरच्या गल्लीत एक वाक्य अजून चालतं. कोणी म्हातारी बाई घसरली, कोणाला डॉक्टरनं हाडांच्या गोळ्या लिहून दिल्या, की कोणीतरी ते म्हणतंच. "हड्डीवाल्या मॅडमनं एवढं सगळं केलं, अन् मोडलं तर तिचंच हाड, तेबी आपोआप." ऐकणाऱ्या बायका माना हलवतात आणि गोळ्यांची पाकिटं कपाटात जाऊन पडतात.

हे वाक्य खोटं आहे. मॅडमचं हाड आपोआप मोडलं नव्हतं. हे ठाऊक असलेला माणूस गल्लीत मॅडमनंतर मी एकटाच होतो, आणि मीही म्हातारा झालो आहे. म्हणून लिहितो.

मॅडम आमच्या घरमालकीण. वनविभागात कारकुनी करून मी नवेगाव बांधला निवृत्त झालो आणि गोंदियाला येऊन त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मागच्या खोल्यांत त्या एकट्या राहत. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. उंच, सावळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि पायात बारा महिने पट्ट्याची सँडल, घरातसुद्धा. चप्पल सुटते, पाय अडकतो, म्हातारी पडते, असा त्यांचा साधा हिशेब होता. पायपुसणं त्या घरात औषधालाही नव्हतं.

खोल्या बघायला गेलो त्या दिवशी भाड्याचं त्या बोलल्याच नाहीत. माझ्या बायकोला म्हणाल्या, "जरा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा."

बायको गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मग पदर सावरून चालली.

"पाळी कधी गेली?"

मी घसा खाकरला. बायको पुटपुटली, झाली बरीच वर्षं.

"घरात दूध कोण पितं?"

"हे पितात."

"अन् तुम्ही?"

"उरलं तर."

"उद्यापासून हे पितील उरलं तर," मॅडम म्हणाल्या आणि किल्ली बायकोच्या हातात दिली.

त्यांच्या बैठकीत शाळेनं मोडीत काढलेला प्लास्टिकचा सांगाडा टांगलेला होता. नवीन माणूस दारातच थबकायचा. मॅडम त्याची ओळख करून देत, "हे गृहस्थ आहेत. बाई नाही. कमरेवरून कळतं." मग त्या काठीनं कमरेची हाडं दाखवत. पुरुषाची कंबर उभट, मधली वाट अरुंद. बाईची पसरट, वाट गोल आणि रुंद. पण एकट्या गृहस्थावर बायकांना शिकवायचं कसं, म्हणून त्यांनी एका कुंभाराला बाईच्या कमरेचं हाड मातीचं घडवून मागितलं. चित्र बघून तो बराच वेळ डोकं खाजवत होता म्हणे.

"हे कायचं भांडं होय जी मॅडम?"

"याच्यातून तू आलास."

त्यानं पैसे घेतले नाहीत. ते मातीचं हाड सांगाड्याशेजारी स्टुलावर असायचं. कोणी त्यात फुलं ठेवली की मॅडम ती काढून टाकत.

लोकांनी त्यांचं नाव हड्डीवाली मॅडम ठेवलं होतं आणि त्यांना ते मान्य होतं. बाजारात भाजी घेता घेता त्या पुढच्या बाईच्या मागोमाग चालत जात, तिची चाल बघत, आणि शेवटी खांद्यावर टिचकी मारून सांगत, "डावा पाय ओढून राहिलीस. दाखवून ये." काही बायका घाबरायच्या, काही शिव्या द्यायच्या. दोघींनाही त्या नमस्कार करायच्या.

त्यांचं शास्त्र त्या धानाच्या, धान साठवायच्या ढोलीच्या भाषेत सांगत. "माणसाची ढोली मोठी असते, बाईची लहान. म्हणजे सुरुवातीलाच बाईकडे साठा कमी. त्यात पोरं झाली, त्यायला पाजलं, सगळ्यांच्या मागून जेवली. अन् पाळी गेली की ढोलीले खालून भोक पडते. काही वर्षांत धान भसाभस गळते. माणसाचंही गळते, पण दाणा दाणा, सावकाश. म्हणून पडल्यावर आधी बाईचा खुबा मोडतो."

"रोवण्यानं कंबर वाकते ना जी मॅडम," एखादी म्हणायची. आमच्याकडे भाताची रोपं लावायला बायकाच चिखलात वाकतात.

"रोवण्यानं दुखते. वाकते ती पोटाले कमी पडल्यानं."

उपायही त्यांचे घरगुतीच होते. थंडीत रोज गच्चीवर उन्हात बसायचं, आणि डोक्यावरचा पदर खाली. बोदलकसा तलावाकडून एक धीवर बाई सुकवलेल्या बारीक मासोळ्या आणायची, त्या चटणी करून खायच्या. काटे काढू पाहणाऱ्या बाईचा हात त्या धरत. "काट्यासाठीच तर मासोळी आहे." जी मासोळी खात नसे तिला मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला आणि तीळ. आणि चालायचं. औषध कोणाला लागेल ते डॉक्टर सांगेल, आपण नाही, हेही त्या प्रत्येक वेळी सांगत.

पण त्यांचा खरा तऱ्हेवाईकपणा बघायचा तो तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडी बैल सजवून घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. मॅडमच्या दारात बोजारा भरपूर मिळायचा, पण एका अटीवर. "आजी आण, मग बोजारा." लेकरं परत पळत जाऊन आपापल्या आज्यांना हाताला धरून ओढत आणायची. मॅडम बैलावर हात फिरवत, लेकराला पैसे देत, आणि आजीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करत. पेन्सिलनं खूण. लेकरं दर वर्षी वाढायची आणि आज्या दर वर्षी कमी व्हायच्या.

"पाहा, मागच्यापेक्षा बोटभर खाली आली," मॅडम म्हणायच्या. "पाठीचे मणके बसून राहिले. खुब्याच्या आधी पाठ सांगते. उद्या डॉक्टरकडे."

आमच्या कोपऱ्यावर पिठाची चक्की आहे. ती चालवणारी काकू या सगळ्यात मोठ्या आवाजाची. ती एकदा चौकटीला उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मी कमी नाही झाली, तुमची चौकट वाढून राहिली." सगळा ओसरा हसला. मॅडमही हसल्या, आणि काकूला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घेऊन गेल्या.

पुरुषांनाही त्या उभं राहायला सांगत. मी कधी राहिलो नाही.

"माझं काय मोजता मॅडम? सगळं आयुष्य जंगलात गेलं माझं."

"जंगलात तुम्ही फायली चालवल्या, भाऊ."

बायको तोंडाला पदर लावून आत गेली.

गल्लीत कोणी पडलं की मॅडम तिथं हजर. त्या पडण्याचा पंचनामा करत. कुठं पडलात, पाय कुठं होता, हात कशावर होता, उजेड होता का, फरशी ओली कोणी केली. "कोणी उगीच पडत नाही. काहीतरी सुटलेलं असतं, काहीतरी सांडलेलं असतं. ते शोधा, नाहीतर दुसरी तिथंच पडेल." क्वचित असंही होतं, हे त्यांनीच सांगितलं होतं, की हाड इतकं पोखरलेलं असतं की ते आधी मोडतं आणि माणूस नंतर पडतो. ही एक गोष्ट बायकांना फार आवडली होती. भुताच्या गोष्टीसारखी ती त्या एकमेकींना सांगायच्या.

एका दुपारी मी त्यांना विचारलं, हे सगळं कशापायी. त्या मुनग्याचा पाला निवडत होत्या.

"आमचे हे पडले होते," त्या म्हणाल्या. "जाळी काढत होते खुर्चीवर चढून. उठता येईना. सगळे म्हणाले, लचक भरली. माणसाचा खुबा मोडतो का कधी? तो म्हाताऱ्या बायकांचा. मलाही तसंच वाटलं. मोहाचं तेल कोमट करून मी मालिश करत होते. कितीतरी दिवस."

पाल्याची एक काडी त्यांनी सावकाश साफ केली.

"त्यांचा पाय बाहेर वळला होता, भाऊ. दुसऱ्यापेक्षा आखूडही दिसत होता. मी दिवसा शाळेत सांगाडा शिकवत होते अन् संध्याकाळी मोडलेल्या हाडाला मालिश करत होते. बायकांचे खुबे जास्त मोडतात हे खरं. पण मोडल्यावर पुरुष जास्त मरतात. पुढची दिवाळी त्यांनी नाही पाहिली."

त्या उठल्या, पाला धुवायला नेला. जाताना नेहमीसारखा मागच्या बोळातल्या बांबूवर हात ठेवून गेल्या.

त्या बांबूबद्दल आता सांगायला हवं.

मॅडमच्या मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत एक अरुंद बोळ होता. त्याच्या कडेनं त्यांनी लोखंडी खुंट्या रोवून, कमरेच्या उंचीवर, एक लांब बांबू तारेनं आवळून घेतला होता. येता-जाता धरायला. माझी बायकोही त्याच न्हाणीला जायची आणि तो धरायची. मी धरत नसे. मला ते म्हातारपणाचं लक्षण वाटायचं.

"बांबूले पुरुष-बाई कळत नाही, भाऊ," मॅडम म्हणायच्या. "धरा."

त्या उन्हाळ्यात आम्ही मोठा कूलर घेतला. एप्रिलचं गोंदिया, खोली भट्टीसारखी. कूलरचं लोखंडी स्टँड मागच्या खिडकीला लावायचं होतं आणि ते बोळातून जाईना. मी दोन खुंट्यांवरची तार सोडली, बांबू उचलून बाजूला ठेवला, स्टँड नेलं, आणि बांबू परत खुंट्यांच्या खाचेत ठेवला. तार हातानंच गुंडाळली. आवळायला पक्कड हवी होती, ती शेजाऱ्याकडे गेलेली होती. संध्याकाळी आणू म्हटलं. मग कूलरमध्ये पाणी भरलं, गार वारा आला, आणि मी झोपलो. शेजाऱ्यानं पक्कड आणून ओट्यावर ठेवली तेव्हाही मी उठलो नाही.

सकाळी मॅडम न्हाणीकडे निघाल्या. मी खिडकीशी चहा पीत होतो, तेव्हा मला आवाज नीट ऐकू आला. आधी बांबू खडखडला. मग त्या पडल्या.

धावत गेलो. त्या कुशीवर पडल्या होत्या, सँडल पायात तशीच. एक पाय बाहेर वळलेला. तोंडावर घाम, पण आवाज वर्गातला. "पायाला कोणी हात लावू नका. मालिश नाही. फळी आणा, फळीवर घ्या, गाडी बोलवा." गल्ली गोळा झाली. चार माणसांनी त्यांना दाराच्या जुन्या फळीवर घेऊन उचललं. सगळे गाडीकडे गेले.

मी बोळात मागे राहिलो. बांबू उचलून खाचेत ठेवला. पक्कड घेतली आणि तारेला पीळ दिला, पक्का, हात दुखेपर्यंत. मग गाडीमागे गेलो.

हे मी यंदापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. भेटायला गेलो तेव्हा चक्कीवाली काकू तिथं आधीच बसलेली होती.

"कशा पडल्या जी मॅडम?"

"पडले."

"चक्कर आली का?"

"पडले, झालं."

ज्या बाईनं गल्लीतल्या प्रत्येक पडण्याची चौकशी केली, तिनं स्वतःच्या पडण्याबद्दल एवढंच सांगितलं. काकू थोडा वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, "मंग ते तुमीच सांगत होत्या ना, का हाड आधी मोडते अन् मानूस मंग पडते, तसंच झालं असन."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्या काकूला म्हणाल्या, "तुझ्या सुनेले दूध देतेस का नाही?" आणि विषय तिथंच संपला.

काकू गेल्यावर त्यांनी विचारलं, "बांबू बांधला का?"

"बांधला."

"तारेनं?"

"हो."

"बरं केलं. तुमच्या मिसेस धरतात त्याला." आणि त्यांनी डोळे मिटले.

त्यांना सगळं कळलं होतं. हाताखालून बांबू गेलेला ज्याला कळतो, त्याला ते कळतंच. त्यांनी मला चारचौघांत उघडं पाडलं नाही. मला वाटतं, त्यांनी मला सांगायला वेळ दिला. मी तो घेतला आणि ठेवून घेतला.

त्या घरी आल्या. वॉकर घेऊन अंगणात चालायच्या, मध्येच थांबून मला म्हणायच्या, "बघा भाऊ, बाई मोडली तरी उठते." थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेलं, पण या वेळी त्या परतल्या नाहीत. घर आता त्यांच्या भाच्याकडे आहे. आम्ही अजून तिथंच भाड्यानं आहोत.

आणि ते वाक्य गल्लीत फिरू लागलं. चक्कीवर दळण टाकायला सगळ्या येतात, तिथून ते घरोघरी गेलं. सगळं करून तिचंच हाड आपोआप मोडलं, मग आपण कशाला? गच्चीवरच्या चटया गुंडाळल्या गेल्या. बोदलकस्याची बाई दोनदा टोपली घेऊन येऊन गेली, मग आलीच नाही. तान्ह्या पोळ्याला लेकरं आली, आज्या आल्या नाहीत. मॅडमचं आयुष्यभराचं काम मोडायला त्यांचं एक हाड पुरलं, आणि ते हाड का मोडलं हे सांगू शकणारा माणूस रोज त्याच चक्कीवर दळण घेऊन जात होता.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडखळली. हातावर पडली, मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं फार विरळ झाली आहेत, हे मनगट म्हणजे सूचना समजा, आता जपलं नाही तर खुबा. गोळ्या दिल्या, ऊन सांगितलं, खाणं सांगितलं. घरी येऊन तिनं पाकीट फडताळात टाकलं.

"घे ना," मी म्हटलं.

"कायले? मॅडमनं का कमी केलं होतं?"

मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. कूलर, तार, पक्कड, आवाज. आवाजांचा क्रमही सांगितला. ती प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ऐकत होती.

"अन् मी मयतीत आलेल्या सगळ्यायले सांगतलं," ती शेवटी म्हणाली, "का बापा, हाड आपोआपच मोडलं मनून. तुमी बाजूलेच उभे होते."

"होतो."

"मी सांगून राहिली अन् तुमी आयकून राहिले."

तिनं डाव्या हातानं फडताळ उघडलं, पाकीट काढलं, गोळी फोडायला जमेना म्हणून माझ्यापुढे धरलं. मी फोडून दिली. ती पाण्याबरोबर गिळून म्हणाली, "मले सांगून का होते? चक्कीवर जा. तिथूनच गेली ती गोष्ट."

"लिहून काढावं म्हणत होतो," मी म्हटलं.

"लिवा मंग. पहिले जा."

तिनं गव्हाचा डबा भरून दाराशी ठेवला.

चक्कीवर पाच-सात बायका होत्या, सगळ्या ओळखीच्या, दोघी तर पार वाकलेल्या. मी डबा रांगेत ठेवला. पट्ट्याच्या आवाजात मी बोलायला सुरुवात केली आणि माझं मलाच ऐकू येईना. काकूनं कानामागे हात धरला. मी पुन्हा बोललो. तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि बटन दाबून चक्की बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

"का म्हंता जी? आता बोला."

इतक्या शांततेत बोलायची माझी तयारी नव्हती. पण बोललो. मॅडमचं हाड आपोआप मोडलं नाही. त्यांनी धरलेला बांबू सुटला. तो मी सोडला होता, आणि त्या पडल्यावर मीच आवळून ठेवला. त्या हे जाणून होत्या आणि बोलल्या नाहीत.

काकूच्या भुवयांवर पीठ होतं. तिनं ते मनगटानं पुसलं.

"बांबू पक्का असता तर?"

"तर त्या पडल्या नसत्या."

वाकलेल्यांपैकी एक म्हातारी पोत्यावर बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "मंग त्या मासोळ्या खाव्या का नाही? तेवढं सांगा."

"खाव्या."

"उनात बसावं?"

"बसावं."

"मंग एवढे साल आमी घरात बसून राहिलो ते?"

मी खाली पाहिलं. कोणी तरी सुस्कारा टाकला. काकू रांगेजवळ आली, माझा डबा उचलला, आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीशी नेऊन ठेवला. मग जाऊन बटन दाबलं. पट्टा फिरू लागला, पीठ पडू लागलं, आणि त्या आवाजात बायका एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागल्या.

माझ्यानंतर आलेल्या बायकांचेही डबे माझ्या पुढे लागत गेले. मी बाकावर बसून राहिलो.